हेमलतीनचं उंच टोक

३ डिसेंबर १९८१

निवृत्त होऊन पाच महिने झाले. आज इंदिरा म्हणाली, "दिवसभर माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसता, त्यापेक्षा काही लिहून तरी काढा." म्हणून ही वही. शिट्ट्या मी मोजतो हे खरं आहे. तुरीच्या डाळीला चार पुरतात आणि ही पाच घेते. चौतीस वर्षं जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढलेल्या माणसाला हे डोळ्यांआड करता येत नाही. केसाएवढा फरक असलेला भाग मी परत पाठवत असे. लोक मला मागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही.

वही ठेवायची तर विषय हवा. आमची पद्मजा विद्यापीठात रसायनशास्त्राची पीएच.डी. करते आहे, तिच्याच कामाची नोंद ठेवावी असं ठरवलं. पाच वर्षं झाली. सिहोऱ्याच्या रानातल्या एका झुडपाची मुळं आणून ती उकळते, गाळते, पुन्हा उकळते. पोतंभर मुळांतून शेवटी निघाली चिमूटभर पिवळी पूड. आता त्या पुडीचा रेणू आतून कसा बांधलेला आहे ते कळलं की प्रबंध पूर्ण. तिची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते. तोवर प्रबंध दिला नाही तर पाच वर्षं पाण्यात.

हे कळण्याचं यंत्र जबलपुरात नाही, लखनौला आहे. त्याचं नाव एन.एम.आर.

५ डिसेंबर

जेवताना पद्मजाला म्हटलं, मला समजेल असं सांग. ती म्हणाली, "बाबा, पूड विरघळवून मोठ्या चुंबकात ठेवतात आणि रेडिओसारख्या लहरी सोडतात. रेणूत हायड्रोजनचे जितके अणू आहेत ते आपापल्या जागेवरून उत्तर देतात. शेजारी कोण आहे त्याप्रमाणे उत्तर बदलतं. ती उत्तरं कागदावर टोकांसारखी उमटतात. टोकं वाचली की कोण कोणाच्या शेजारी राहतो ते कळतं."

"म्हणजे मोहल्ल्यात उभं राहून हजेरी घेतल्यासारखं."

"हो, तसंच समजा."

"आणि कोणी बाहेरचा माणूस मोहल्ल्यात येऊन बसला असेल तर?"

"तर तोही हजेरी देतो. म्हणून पूड एकदम शुद्ध पाहिजे."

मला हे यंत्र आवडलं. असं एखादं आमच्या विभागात हवं होतं.

पार्सल बांधायचं काम मी मागून घेतलं. करंगळीएवढी बाटली, तिला रबरी बूच. पद्मजा म्हणाली, "बाबा, बूच घट्ट लावा, कापसात गुंडाळा आणि डबा शिवा. बाकी काही करू नका."

"तू मला पॅकिंग शिकवून राहिली काय?"

ती हसून वर गेली. मी बाटली देवापुढे ठेवली. आमच्या घरातून पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या कुठल्याही वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय मी सोडत नाही. स्कूटर, पद्मजाचं मॅट्रिकचं पेन, इंदिराचा चष्मा, सगळ्यांना लावलं आणि सगळी नीट चालली. कुंकू बाहेर लावलं तर लेबलची शाई बिघडते, हळद बाहेर लावली तर टपालात पुसून जाते. विचार करून बुचाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशी, बोटाच्या टोकाने जराशी हळद लावली. पूड पिवळी, हळदही पिवळी, म्हणजे डाग दिसण्याचा प्रश्न नाही. कामात नीटनेटकेपणा पाहिजे.

हळद आपली घरची. सिहोऱ्याच्या बाजारातून हळकुंडं मी स्वतः निवडून आणतो आणि चक्कीवर उभा राहून दळून घेतो.

२८ डिसेंबर

लखनौहून कागद आला. लांबलचक, चौकटी छापलेला, त्यावर यंत्राच्या पेनाने काढलेली टोकं. पद्मजाने अकरा ठिकाणी टोकं यायला हवीत असा हिशेब केला होता. ती अकराही आली. पण त्यांच्या मधेमधे बारीक बारीक आणखी काही आहेत.

"ही कुठून आली?" ती सारखी म्हणत होती. "मी पाठवलं तेव्हा तपासपट्टीवर एकच ठिपका होता. एकच! भेसळ असली की जास्त ठिपके उमटतात."

मी म्हटलं, "यंत्रात बिघाड असेल."

"यंत्रात नाही बाबा, माझ्यात आहे." आणि न जेवता पुन्हा प्रयोगशाळेत गेली. सगळं परत उकळणार, परत गाळणार. पोर वाळून चालली आहे. इंदिराने डिंकाचे लाडू केले, ते मीच खाऊन राहिलो असा तिचा आरोप आहे. नग मोजले तर तो सिद्ध होईल, म्हणून मी वाद घातला नाही.

४ जानेवारी १९८२

दुसरी बाटली आज गेली. पद्मजाने आठ दिवस खपून पूड पुन्हा शुद्ध केली. मीही माझ्या बाजूने कसूर ठेवली नाही. मागच्या वेळी हळद अगदीच नावाला लावली होती, त्याने काय होणार? या वेळी चांगली चिमूट घेतली, बुचाला आतून दाबून बसवली आणि बूच लावल्यावर बाटली जरा ठोकली, म्हणजे प्रसाद तळापर्यंत पोचावा. पद्मजाला सांगितलं नाही. विज्ञान शिकलेली मुलं अशा गोष्टींना नावं ठेवतात.

२२ जानेवारी

आनंदाची बातमी! कागद आला आणि ती मधली बारीक टोकं आता चांगली मोठी झाली आहेत. एक तर एवढं उंच आणि एकटं उभं आहे की बघत राहावं.

पद्मजाचा चेहरा उतरला होता. ती कागद घेऊन तिच्या मार्गदर्शकांकडे गेली. डॉ. भय्यासाहेब काळमेघ, अमरावतीकडचे, विभागप्रमुख, आवाज एनसीसीच्या परेडचा. त्यांनी कागद पाहिला आणि खुर्चीतून उठलेच म्हणे. "अगं, दोनदा शुद्ध करून दोन्ही वेळा आलं, आणि दुसऱ्यांदा जास्त आलं! ही घाण नाही. हा दुसरा रेणू आहे. नया है ये, एकदम नया!"

पद्मजा म्हणाली, "सर, पण तपासपट्टीवर दिसत नाही."

"पट्टी खोटं बोलून राहिली. चुंबक खोटं बोलत नाही."

माणूस हुशार आहे. मी आज देवाला नारळ फोडला. माझ्या चिमटीबद्दल कोणाला बोललो नाही. श्रेय घ्यायची मला सवय नाही.

२४ जानेवारी

आज भय्यासाहेबांच्या घरी, राइट टाउनला, संक्रांतीचं हळदकुंकू होतं. इंदिरा जाऊन आली. वाण म्हणून स्टीलचा चमचा मिळाला. सांगत होती की भय्यासाहेब बायकांच्या घोळक्यात स्वतः आले आणि उभं राहून जाहीर केलं की नव्या रेणूचं नाव त्यांनी पत्नीवरून 'हेमलतीन' ठेवलं आहे. हेमलताबाई लाजून तिळगुळाचा डबा घेऊन आत पळाल्या. लग्नाला तीस वर्षं झाली, भय्यासाहेबांनी बायकोला आजवर साधी गजऱ्याची पुडी आणली नव्हती, हे हेमलताबाईंनीच इंदिराच्या कानात सांगितलं. सत्तावीस फेब्रुवारीला व्याख्यान ठेवलं आहे, पत्रिका छापायला गेल्या.

"आपल्या पद्मजाचं नाव काहून नाही दिलं त्याला?" इंदिराने मला विचारलं, जणू मीच नाव ठेवलं.

खरं सांगायचं तर मलाही लागलं. पण मोठ्या माणसांचं असंच असतं.

२८ जानेवारी

अंगात ताप, घसा बसला. व्याख्यानासाठी भय्यासाहेबांना तिसरा कागद पाहिजे. पार्सल पद्मजाने स्वतः बांधलं आणि मी झोपेत असतानाच टपालात टाकलं. विचारलं, "देवापुढे ठेवलं होतं ना?" तर म्हणे, "बाबा, आधी काढा घ्या."

मला हे बरं वाटलं नाही.

१७ फेब्रुवारी

अनर्थ झाला. तिसरा कागद आला आणि त्यावर फक्त अकरा टोकं! बारीक नाहीत, मोठी नाहीत, ते उंच एकटं तर नाहीच. हेमलतीन गायब.

भय्यासाहेब पद्मजावर भडकले. विभागात सगळ्यांसमोर म्हणाले, "दोनदा येतं आणि तिसऱ्यांदा येत नाही, असं निसर्ग करत नाही. माणूस करतो. तू मला खूश करायला आधी काही टाकलं होतंस का? शनिवारपर्यंत खरं सांग. नाही तर मी प्रबंधावर सही करणार नाही."

पद्मजा घरी आली ती सरळ गच्चीवर गेली. मी वर गेलो तर वाळत घातलेल्या पापडांशेजारी बसली होती. "बाबा, मी काहीच टाकलं नाही हो," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे. माझ्या मुलीला कोणी खोटारडी म्हणावं? कारखान्यात मी अशा माणसाचा अख्खा लॉट परत पाठवला असता.

१८ फेब्रुवारी

सकाळी अंघोळ करताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओल्या अंगानेच बाहेर आलो आणि पद्मजाला बोलावलं.

"तुझ्या सरांना जाऊन सांग, कारण सापडलं. पहिल्या बाटलीला मी जराशी हळद लावली, टोकं जराशी आली. दुसऱ्या बाटलीला चिमूटभर लावली, टोकं मोठी आली. तिसऱ्या वेळी मी आजारी, हळद लागलीच नाही, टोकं आलीच नाहीत. सरळ हिशेब आहे! तू विधी चुकवलास."

पद्मजा माझ्याकडे बघत राहिली. "कुठे लावली?"

"बुचाला."

"बुचाच्या कुठे, बाबा?"

"आतून. बाहेरून पुसून जाते."

ती हळूच खाली फरशीवर बसली. आधी हसायला लागली, मग हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इंदिरा पोळपाट टाकून धावत आली. मुलीला भरून आलं होतं. आजकालच्या शिकलेल्या मुलींत इतकी श्रद्धा दिसत नाही, मला फार बरं वाटलं. नंतर तिने डोळे पुसले, सिहोऱ्याची थोडी हळद पुडीत बांधून घेतली आणि नाश्ता न करता निघून गेली. सरांसाठी प्रसाद नेला असावा.

१९ फेब्रुवारी

आज लिहिणं जड जातंय.

पद्मजा ग्रंथालयातून एक कागद घेऊन आली. कोण्या शोधपत्रिकेच्या जुन्या अंकात छापलेला एन.एम.आर.चा कागद, तिने पातळ कागदावर गिरवून आणलेला. मला खिडकीजवळ बोलावलं. आपला दुसरा कागद काचेवर धरला, त्यावर हा पातळ कागद ठेवला आणि हळूच सरकवला. उन्हात दोन्ही आरपार दिसत होते. उंच एकट्या टोकावर उंच एकटं टोक बसलं. बाजूची लहान लहान टोकंही एकावर एक बसली. आमच्या कारखान्यात मापाच्या साच्यात नग बसवून बघत, तसं. चौतीस वर्षं मी तेच बघत होतो. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हा कशाचा कागद आहे?" तरी विचारलं.

"हळदीतल्या रंगद्रव्याचा," ती म्हणाली. "आणि मी काल आपली हळद पट्टीवर लावून बघितली. पहिल्या दोन बाटल्यांतली उरलेली पूड परत आली होती, तीही लावली. तेच ठिपके."

मी खाटेवर बसलो. मोहल्ल्यात बाहेरचा माणूस आणून बसवणारा मीच. पोरीने पाच वर्षं पोतंभर मुळं उकळली आणि मी घाण मिसळली, तीही देवाचं नाव घेऊन. मला लाज वाटली. तिच्याकडे बघवेना.

ती म्हणाली, "बाबा, सरांना मी सांगते की माझ्याच हातून पडली. तुमचं नाव काहून घ्यायचं?"

तिने हे म्हटलं म्हणून मला जास्त लागलं. मी म्हटलं, "तसं केलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

२० फेब्रुवारी

शनिवार. निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट काढला. पद्मजाला स्कूटरवर मागे बसवून राइट टाउनला भय्यासाहेबांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात छापून आलेल्या पत्रिकांवर पत्ते घालत होते. 'हेमलतीन' सोनेरी अक्षरांत.

मी बसलो नाही. म्हटलं, "साहेब, या मुलीने काही टाकलेलं नाही. मी टाकलं. हळद." आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. बोटाचं टोक, मग चिमूट, मग बाटली ठोकली तेही. पद्मजाने दोन्ही कागद त्यांच्या खिडकीवर धरून दाखवले.

भय्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "आता हिला कोण सांगणार?"

"कोणाला?" मी म्हटलं.

"हेमलताला. अहो, तिने नागपूरला बहिणीला पत्रं लिहिली आहेत. भेडाघाटाहून संगमरवरावर नाव कोरून आणलंय, बैठकीत ठेवायला." मग माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही टाकलं, तुम्ही सांगा."

न्यायाचं बोलले. मी आत गेलो. हेमलताबाई स्वयंपाकघरात पालक निवडत होत्या. मी दारातूनच हात जोडून सांगितलं की वहिनी, माझ्या हातून चूक झाली, तुमच्या नावाचा रेणू म्हणजे माझ्या घरची हळद आहे.

त्यांनी पालकाची जुडी खाली ठेवली. मला वाटलं आता रडतील. बाहेर भय्यासाहेब दाराआड उभे होते ते मला दिसत होते, त्यांनाही तसंच वाटलं असावं.

"अहो, या ना इकडे!" हेमलताबाईंनी हाक मारली. ते आले. "तीस वर्षं झाली, तुमच्या वरणात मी रोज हेमलतीन घालून राहिले. तेव्हा काहून नाही ओळखलं?"

आणि अशा हसल्या की ओट्यावरचं भगोनं पडलं. पद्मजा हसली, मग भय्यासाहेबही, आधी घशातल्या घशात आणि मग परेडच्या आवाजात. मी मात्र उभाच. शेवटी न राहवून पद्मजाला विचारलं, "हळद तरी शुद्ध निघाली ना?"

"एकदम अस्सल, बाबा. भेसळ नाही."

तेवढाच जिवाला आधार.

भय्यासाहेब व्याख्यान रद्द करत होते, पण हेमलताबाईंनी ऐकलं नाही. "साऱ्या बायांना बोलावून ठेवलं आहे मी. ज्या पोरीने काम केलं तिला बोलू द्या." मग भय्यासाहेबांनी पद्मजाकडून तिसरा कागद मागून घेतला, बोट ठेवत अकरा टोकं मोजली आणि म्हणाले, "हाच खरा. हाच प्रबंधात जाईल. मी परवा सगळ्यांसमोर बोललो, ते सगळ्यांसमोरच मागे घेईन. फक्त एकदा पुन्हा पाठवून खात्री करून घे, चलो, मग मी सही करतो."

परत येताना घरापर्यंत माझ्या कोटाचा मागचा भाग पद्मजाने मुठीत धरला होता, लहानपणी धरायची तसा.

२३ फेब्रुवारी

संध्याकाळी पद्मजा खाली आली आणि माझ्यापुढे बाटली ठेवली. करंगळीएवढी, तळाशी चिमूटभर पिवळी पूड. शेजारी बूच, कापूस, डबा, सुईदोरा.

"बाबा, हे उद्याच्या डाकेने जायला पाहिजे. बांधून द्या."

"तूच बांध," मी म्हटलं. "माझा हात नको त्याला."

"मला व्याख्यान लिहायचं आहे. तुमच्याइतकं घट्ट कोणी बांधत नाही."

मी साबणाने तीनदा हात धुतले, नखं कापली आणि चौथ्यांदा धुतले. येऊन बघतो तर इंदिरा स्वयंपाकघराच्या दारात हळदीचा डबा पोटाशी धरून उभी.

"आई, तू इथे काय करून राहिली?" पद्मजाने विचारलं.

"पहारा."

"काही गरज नाही. चल बरं, मला मुद्दे ऐकायला कोणीतरी पाहिजे." तिने इंदिराच्या हातातून डबा घेतला, जागच्या जागी फळीवर ठेवला आणि आईला घेऊन वर गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

घरात खाली मी एकटा, समोर उघडी बाटली. देवघर चार पावलांवर, हळदीचा डबा सहा पावलांवर. मी जागेवरून उठलो नाही. देवाला बसल्या बसल्या हात जोडले. एवढ्यात डोळे भरून आले. पाणी बाटलीत पडू नये म्हणून मान मागे करून आधी बूच घट्ट बसवलं, आणि मग रडलो.